लॅपटॉप चार्जरवर आहे का बॅटरीवर, हे स्क्रिप्टनं कसं ओळखायचं: लिनक्स, मॅक आणि विंडोज

गावाकडं आमच्या घरी तीन लॅपटॉप आहेत. बाबांचा विंडोजचा, ताईचा मॅक आणि माझा लिनक्सचा. तिन्हींवर रात्री दोन वाजता बॅकअपची स्क्रिप्ट चालते आणि फोटो, सातबारे, बाबांनी महिनोन्महिने बसून स्कॅन केलेली आजोबांची पत्रं असं सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी होतं. मागच्या पावसाळ्यात मध्यरात्री लाईट गेली, बाबांचा लॅपटॉप बॅटरीवर आला, स्क्रिप्टला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं, ती आपली कॉपी करतच राहिली आणि बॅटरी संपून लॅपटॉप मधेच बंद पडला. सकाळी डिस्क लावली तर बॅकअपचं फोल्डर उघडेना. मूळ पत्रं लॅपटॉपवर होती म्हणून निभावलं, पण बाबांचा चेहरा बघून मला फार वाईट वाटलं, कारण स्क्रिप्ट मीच लिहिली होती आणि "लाईट आहे का?" एवढा एकच प्रश्न तिला विचारायला शिकवलं नव्हतं.

तो प्रश्न तिन्ही सिस्टीमवर कसा विचारायचा आणि उत्तरात कुठं कुठं फसायला होतं, ते इथं सगळं लिहितोय. कमांड आपण फोनवर एकमेकांना सांगतो तशा देवनागरीत लिहिल्यात, टाईप अर्थातच इंग्रजीत करायच्या, आणि जिथं स्पेलिंगची किंवा कॅपिटलची भानगड आहे तिथं सांगतो.

पायरी १: प्रश्न नीट ठरवा

बहुतेकांचं इथंच चुकतं, माझंही चुकलं होतं. आपण बॅटरीला विचारतो, "तू चार्ज होतेयस का?" आणि ती नाही म्हणाली की धरून चालतो की चार्जर काढलेला आहे. पण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आजकाल बऱ्याच लॅपटॉपमधे बॅटरीचं आयुष्य वाढावं म्हणून ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असते, तेव्हा चार्जर लावलेला असतो, लाईट असते, आणि तरी बॅटरी चार्ज होत नसते. उलटंही होतं, मोठ्या गेमिंग लॅपटॉपला कमी वॅटचा टाईप-सी चार्जर लावला तर चार्जर चालू असूनही बॅटरी हळूहळू उतरत राहते.

म्हणून विचारायचं ते अडॅप्टरला, बॅटरीला नाही. विंडोज-लिनक्सच्या बहुतेक लॅपटॉपमधे एसीपीआय नावाची पद्धत असते, १९९६ पासूनची, त्यात अडॅप्टर हे वेगळं डिव्हाइस आणि बॅटरी हे वेगळं. आत एक छोटा कंट्रोलर असतो, चार्जरकडून करंट येतोय का हे त्याला कळतं आणि तो ते ऑपरेटिंग सिस्टीमला कळवतो. आपल्या स्क्रिप्टनं फक्त योग्य दार वाजवायचं.

दुसरं म्हणजे उत्तरं दोन नाहीत, तीन आहेत: चार्जरवर, बॅटरीवर, आणि माहीत नाही. तिसऱ्याला जागा ठेवली नाही तर ते गुपचूप पहिल्या दोनांपैकी एकात जाऊन बसतं आणि मग कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात.

पायरी २: एक्झिट कोड आधी ठरवा

स्क्रिप्टनं स्क्रीनवर काय छापलं यापेक्षा ती कुठला आकडा देऊन संपली हे महत्त्वाचं, कारण बॅकअपची स्क्रिप्ट तोच आकडा बघणार. इथं नवीन काही शोधत बसायची गरज नाही. डेबियन या लिनक्समधे ऑन_एसी_पॉवर नावाची जुनी कमांड आहे, ती चार्जरवर असेल तर ०, बॅटरीवर असेल तर १ आणि कळलं नाही तर २५५ देते. तेच आकडे आपण घ्यायचे.

आता एक बारकावा, जो मला फार उशिरा लक्षात आला. मी सगळं पायथनमधे लिहिलंय, आणि पायथनची स्क्रिप्ट एखाद्या एररनं मधेच पडली तर तिचा एक्झिट कोड १ असतो. म्हणजे आपल्या भाषेत "बॅटरीवर"! स्क्रिप्टमधे टायपिंगची चूक आहे, फाईल सापडत नाहीये, काहीही असो, बॅकअपला वाटतं लाईट नाही, आणि तो रोज रात्री शांतपणे परत झोपतो. कुठं एरर नाही, काही नाही, महिनाभरानं कळतं की बॅकअप झालेलाच नाही. म्हणून मुख्य फंक्शनभोवती ट्राय-एक्सेप्ट, म्हणजे एरर पकडणारी रचना, घालायची आणि कुठलीही एरर आली की २५५ देऊनच बाहेर पडायचं.

पायरी ३: कुठल्या सिस्टीमवर आहोत ते ओळखा

पायथनच्या प्लॅटफॉर्म मॉड्यूलमधलं सिस्टीम हे फंक्शन बोलवा. लिनक्सवर ते लिनक्स म्हणतं, विंडोजवर विंडोज, आणि मॅकवर डार्विन, मॅक नाही. प्रत्येक नावाचं पहिलं अक्षर कॅपिटल. तीन नावांचे तीन रस्ते आणि चौथं काही आलं तर सरळ २५५. विंडोजच्या आत लिनक्स चालवत असाल, म्हणजे डब्ल्यूएसएल, तर तिथं उत्तर लिनक्स असंच येतं, पण खरं मशीन विंडोजचं आहे, म्हणून तपासणीची स्क्रिप्ट विंडोजच्या बाजूनंच चालवा.

पायरी ४: लिनक्स

सगळ्यात जास्त वेळ इथं लागतो, कारण माहिती उघडी आहे पण पसरलेली आहे. टर्मिनलमधे हे टाका:

एलएस /सिस/क्लास/पॉवर_सप्लाय

माझ्या लॅपटॉपवर इथं चार नावं दिसतात. एक एसी, एक बीएटी०, एक यूसीएसआय पासून सुरू होणारं लांबलचक नाव, ते टाईप-सी पोर्टचं, आणि चौथं एचआयडीपीपी_बॅटरी_०. हे चौथं काय ते मला आधी कळेना, मग समजलं, माझ्या वायरलेस माऊसची बॅटरी!

नावांवर अजिबात विसंबू नका. कुणाच्या मशीनवर अडॅप्टरचं नाव एसी असतं, कुणाच्या एडीपी१, कुणाच्या एसीएडी. इंटरनेटवरच्या कित्येक स्क्रिप्टमधे एक नाव थेट लिहिलेलं असतं आणि ती दुसऱ्याच्या लॅपटॉपवर पडते. प्रत्येक नावाच्या आत टाईप नावाची फाईल असते, ती वाचायची. तिच्यात मेन्स लिहिलं असेल तर तो अडॅप्टर, बॅटरी लिहिलं असेल तर बॅटरी, यूएसबी असेल तर टाईप-सी वगैरे. मेन्सच्या फोल्डरमधे ऑनलाइन नावाची फाईल असते, तिच्यात १ असेल तर चार्जर चालू, ० असेल तर नाही.

मी क्रम असा ठेवलाय. आधी सगळ्या नोंदी फिरून मेन्स शोधायचा. मेन्स सापडला तर त्याचाच शब्द शेवटचा, ऑनलाइन १ तर उत्तर ०, ऑनलाइन ० तर उत्तर १, दुसऱ्या कुणाला विचारायचं नाही. मेन्स सापडलाच नाही, जसं फक्त टाईप-सी वर चार्ज होणाऱ्या काही मशीनवर होतं, तरच यूएसबीवाल्या नोंदी बघायच्या, आणि तिथं ऑनलाइनमधे १ च्या ऐवजी २ पण येऊ शकतं म्हणून "१ आहे का" असं न विचारता "० नाही ना" असं विचारायचं. लॅपटॉपला तीन पोर्ट असतील तर दोन रिकाम्या पोर्टवर ० असणारच, त्यामुळं एक जरी चालू असेल तरी चार्जर आहे असं धरायचं. मेन्सला पहिला मान देण्याचं कारण असं की काही मशीनवर लॅपटॉपवरून फोन चार्जला लावला की टाईप-सी ची नोंद स्वतःला ऑनलाइन म्हणवते, म्हणजे करंट बाहेर जातोय आणि आपल्याला वाटतंय आत येतोय.

मेन्स पण नाही, चालू यूएसबी पण नाही, तर मग शेवटी बॅटरीकडं जायचं. तिच्या स्टेटस फाईलमधे डिस्चार्जिंग असेल तर उत्तर १. पण माऊसची बॅटरी वगळून हं, नाहीतर डेस्कटॉपवर स्क्रिप्ट सांगेल "आपण बॅटरीवर आहोत", कारण माऊस कायमच डिस्चार्जिंग असतो. माऊस-कीबोर्डच्या नोंदीत स्कोप नावाची फाईल असते आणि तिच्यात डिव्हाइस लिहिलेलं असतं, ते दिसलं की ती नोंद सोडून द्यायची. एवढं करूनही काही हाती लागलं नाही तर २५५.

आणि वाचताना एक गोष्ट विसरू नका, फाईलमधे नुसता १ नसतो, १ आणि पुढं नवीन ओळीचं चिन्ह असतं. स्ट्रिप करून, म्हणजे ते चिन्ह कापून टाकलं नाही तर तुलना कधीच जुळत नाही. माझा एक अख्खा रविवार यात गेलाय, स्क्रीनवर १ दिसतोय, स्क्रिप्ट म्हणतेय १ नाही, डोकं फिरायची वेळ आली होती. तसंच ज्या फाईली सगळ्या नोंदींत नसतात, स्कोपसारख्या, त्या न सापडल्या तर स्क्रिप्ट पडू देऊ नका, रिकामं उत्तर धरून पुढं जा.

फक्त लिनक्सचंच काम असेल तर एवढा व्याप नको. डेबियन-उबुंटूवर पॉवरएमजीएमटी-बेस हे पॅकेज घ्या, वर सांगितलेली कमांड त्यातच येते. आणि काम सिस्टमडीच्या, म्हणजे लिनक्समधे मागं चालणारी कामं सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या, सर्व्हिसमधून चालवत असाल तर युनिट फाईलच्या युनिट या भागात कंडिशन-एसी-पॉवर, मधल्या दोन्ही डॅश काढून तिन्ही शब्द जोडून, सी, एसी आणि पी कॅपिटल, पुढं बरोबरचं चिन्ह आणि ट्रू, एवढी एक ओळ घातली की झालं. बॅटरीवर असेल तर ती सर्व्हिस फेल न होता नुसती वगळली जाते.

पायरी ५: मॅक

मॅकवर सोपं आहे. टर्मिनलमधे:

पीएमसेट -जी बॅट

शेवटच्या बॅटमधे दोन टी. उत्तराच्या पहिल्या ओळीत मॅक सांगतो की आत्ता तो कशावर चालतोय, एसी पॉवर का बॅटरी पॉवर, आणि ते अवतरणचिन्हात असतं. खालच्या ओळीत बॅटरीचे टक्के, चार्ज होतेय का उतरतेय, किती वेळ उरलाय वगैरे. आपल्याला फक्त पहिली ओळ हवी. सगळ्या मजकुरात एसी शब्द शोधायला गेलात तर फसाल, कारण खालच्या ओळीतही "एसी जोडलाय पण चार्ज होत नाही" अशा अर्थाचा मजकूर येऊ शकतो. पहिली ओळ वेगळी काढा, तिच्यात एसी पॉवर असेल तर ०, बॅटरी पॉवर असेल तर १, दोन्ही नसेल तर २५५. घरच्या यूपीएसची यूएसबी वायर मॅकला जोडलेली असेल तर तिथं यूपीएस पॉवर येऊ शकतं, त्याचा अर्थ लाईट गेलीय, म्हणून मी तेही १ मधेच धरतो.

पायथनमधून सबप्रोसेसच्या रन फंक्शननं ही कमांड चालवा, पण तिचा पूर्ण पत्ता द्या, /यूएसआर/बिन/पीएमसेट, कारण क्रॉन किंवा लाँचडीमधून, म्हणजे ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममधून, स्क्रिप्ट चालते तेव्हा पाथ, म्हणजे कमांड कुठं कुठं शोधायची त्याची यादी, तुमच्या टर्मिनलसारखाच असेल असं नाही. आणि टाईमआऊट ५ सेकंद ठेवा.

पायरी ६: विंडोज

जुन्या लेखांमधे डब्ल्यूएमआयसी कमांड सांगितलेली असते. तिच्यावर आता काही उभारू नका, मायक्रोसॉफ्टनं ती मोडीत काढलीय आणि विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत ती आधीपासून चालू नसते. पॉवरशेलमधे गेट-सिमइन्स्टन्स विन३२_बॅटरी असं टाकलं तर बॅटरीस्टेटस नावाचा आकडा मिळतो आणि बरेच जण तोच वापरतात, १ म्हणजे उतरतेय आणि २ म्हणजे लाईटवर. पण ३ म्हणजे पूर्ण भरलेली, ६ म्हणजे चार्ज होतेय, असे बाकीचे आकडेही आहेत, आणि "२ असेल तरच चार्जरवर" असं लिहिलं की चार्ज होत असतानासुद्धा स्क्रिप्ट बॅटरीवर म्हणू शकते. परत तीच चूक बघा, बॅटरीला विचारतोय.

सरळ रस्ता म्हणजे विंडोजचं स्वतःचं फंक्शन, गेट-सिस्टीम-पॉवर-स्टेटस, लिहिताना चारही शब्द जोडून आणि प्रत्येकाचं पहिलं अक्षर कॅपिटल. ते कर्नल३२ या विंडोजच्या लायब्ररीत असतं आणि पायथनच्या सीटाईप्स मॉड्यूलमधून बोलवता येतं, वेगळं काही इन्स्टॉल करावं लागत नाही. त्याला १२ बाईटची जागा द्यायची, ते भरून देतं. पहिला बाईट अडॅप्टरचा: ० म्हणजे चार्जर नाही, १ म्हणजे आहे, २५५ म्हणजे माहीत नाही. दुसरा बाईट बॅटरीचा, त्यात १२८ असेल तर मशीनला बॅटरीच नाही, म्हणजे डेस्कटॉप. तिसरा बाईट टक्क्यांचा.

लक्षात आलं ना, इथं ० आणि १ आपल्या एक्झिट कोडच्या बरोबर उलटे आहेत. तिथला १ म्हणजे चार्जर, आपला १ म्हणजे बॅटरी. आकडा तसाच पुढं ढकलायचा नाही, उलटवून द्यायचा. मी सीटाईप्सच्या स्ट्रिंग बफरनं १२ बाईट घेतो आणि त्याच्या 'रॉ' या गुणधर्मातला पहिला बाईट वाचतो, चार ओळींत काम होतं. स्ट्रक्चर लिहून करणार असाल तर बाईट अनसाइन्ड घ्या, नाहीतर २५५ च्या जागी उणे १ दिसेल. आणि फंक्शननं स्वतः ० परत दिला तर ते फसलंय, मग बफर न बघता २५५.

पीएसयूटिल ही लायब्ररी आधीच असेल तर सेन्सर्स_बॅटरी हे एकच फंक्शन तिन्हीकडं चालतं आणि पॉवर_प्लग्ड मधून हो का नाही मिळतं. पण बॅटरीच नसेल तर अख्खं उत्तर नन, म्हणजे पायथनचं "काहीच नाही", येतं, आणि कळलं नाही तर पॉवर_प्लग्ड नन येतं, आणि "नॉट" लावून तपासलंत तर पायथन ननला खोटं समजतो, म्हणजे "माहीत नाही" चं परत "बॅटरीवर" झालं. इझ नन असं वेगळं विचारा. बाबांच्या लॅपटॉपवर दर वेळी लायब्ररी टाकत बसायचं नव्हतं म्हणून मी ती घेतली नाही.

पायरी ७: बॅकअपला जोडा

बॅशमधे साधं इफ लावलं तर १ आणि २५५ दोन्ही "नाही" मधेच जातात, म्हणून बॅशचीच केस ही रचना वापरा आणि तिन्ही आकड्यांना वेगळी ओळ द्या. विंडोजच्या बॅच फाईलमधे इफ एररलेव्हल १ याचा अर्थ "१ किंवा त्याहून जास्त" असा होतो, तेव्हा आधी २५५ तपासा, मग १.

२५५ आलं तर काय करायचं हे कामावर ठरवा. बॅकअपसाठी मी तो चालू देतो आणि लॉगमधे लिहून ठेवतो, कारण डेस्कटॉपवर किंवा व्हर्च्युअल मशीनमधे हेच उत्तर येऊ शकतं आणि तिथं बॅकअप अडून राहायला नको. बायोस अपडेट करणारी स्क्रिप्ट असेल तर मात्र २५५ ला थांबायचंच, तिथं लाईट गेली तर मशीनच हातचं जाऊ शकतं.

एकदाच सुरुवातीला तपासून भागत नाही. आमची लाईट दोनला असते आणि सव्वादोनला जाते. म्हणून प्रत्येक मोठ्या फोल्डरनंतर मी परत विचारतो, आणि उत्तर १ आलं तर दहा सेकंद थांबून पुन्हा विचारतो, कारण सैल सॉकेटमधे चार्जरची पिन जरा हलली तरी क्षणभर बॅटरीवर दाखवतं. दोन्ही वेळा १ आलं तर चालू फाईल पूर्ण करायची, डिस्क व्यवस्थित अनमाउंट करायची, म्हणजे सगळं लिहून झाल्यावर सिस्टीमपासून नीट वेगळी करायची, आणि मग थांबायचं. ही अनमाउंटची ओळ त्या रात्री असती तर फोल्डर गेलं नसतं.

विंडोजच्या टास्क शेड्युलरमधे टास्क बनवलात की त्याच्या कंडिशन्स या टॅबमधे "एसी पॉवरवर असेल तरच सुरू करा" या अर्थाची खूण आधीपासूनच केलेली असते, आणि तिच्या खाली बॅटरीवर गेलं तर टास्क थांबवायची. साध्या कामाला तेवढं पुरतं, पण स्क्रिप्ट स्वतः तपासत असेल तर दोन्ही खुणा काढा. नाहीतर विंडोज मधेच टास्क मारून टाकतं आणि आपली अनमाउंटची ओळ चालतच नाही. शिवाय टेस्टिंग करताना तुम्ही चार्जर काढून बसता आणि टास्क सुरूच होत नाही, मग वाटतं स्क्रिप्टमधे घोळ आहे.

पायरी ८: खरोखर चार्जर काढून बघा

प्रत्येक मशीनवर या चार गोष्टी करा. चार्जर लावून चालवा, ० यायला हवा. काढून पाच सेकंदांनी चालवा, १. बॅटरी पूर्ण भरलेली किंवा ८० टक्क्यांवर अडलेली असताना चार्जर लावून चालवा, परत ०, आणि बॅटरीला विचारणाऱ्या स्क्रिप्ट इथंच उघड्या पडतात. चौथी, स्क्रिप्टमधे मुद्दाम एका फाईलचं नाव चुकवून चालवा आणि २५५ येतोय ना ते बघा. ही चौथी कुणी करत नाही, कृपा करून करा.

इन्व्हर्टरचं काय?

घरी इन्व्हर्टर असेल तर लाईट गेल्याचं लॅपटॉपला कळतच नाही, त्याच्या चार्जरला करंट मिळतोय तोवर तो ० च म्हणणार. टाईप-सी च्या पॉवर बँकवर लावलात तरी तो चार्जरच समजतो. स्क्रिप्टचा यात दोष नाही, ती अडॅप्टरबद्दल सांगतेय आणि खरं सांगतेय, पण आपल्याला महावितरणची लाईट हवी असते.

आमच्या घरी यावर उपाय केलाय तो असा. राऊटर इन्व्हर्टरवर आहे, पण माडीवर एक वाय-फायचा स्मार्ट प्लग अशा सॉकेटमधे लावलाय जो इन्व्हर्टरवर नाही, आणि राऊटरमधे त्याला कायमचा एकच आयपी पत्ता दिलाय. आधी अडॅप्टरची तपासणी होते, ती ० आली तरच त्या प्लगला तीनदा पिंग, म्हणजे "आहेस का?" अशी नेटवर्कवरची हाक, जातो, तिन्ही वेळा उत्तर नाही आलं तर आधी राऊटरला पिंग, कारण वाय-फायच बंद असेल तर प्लगचं मौन काही सिद्ध करत नाही. राऊटर बोलतोय आणि प्लग गप्प आहे, म्हणजे लाईट गेलीय आणि आपण इन्व्हर्टरवर आहोत. तेव्हा पत्रांचं छोटं फोल्डर तेवढं कॉपी होतं आणि फोटोंचं मोठं काम दुसऱ्या रात्रीवर जातं. बाबा सकाळी चहा घेता घेता लॉग उघडतात, पत्रांच्या पुढं "झालं" दिसतंय का एवढंच बघतात आणि बंद करतात.